निकिताचा चेहरा जुळेना

मी एक जुना मोबाईल आहे, उमरग्याजवळच्या एका अंगणवाडीचा. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते ठाऊक नाही. डोळे उघडले ते सेविका संघप्रियाबाईंच्या हातात. मित्रांनो, त्या दिवसापासून मला क्षणाची उसंत नाही. लेकरांची वजनं, हजेरी, खिचडीचे फोटो, वरून ऑफिसचे मेसेज! नवा होतो तेव्हा बाई मला पदरानं पुसायच्या. आता काच तडकलीय, आणि जरा अडलो की पाठीत धपाटा बसतो.

आहाराचं पाकीट देताना आईचा चेहरा मी नोंदणीच्या वेळच्या जुन्या फोटोशी जुळवायचा, असा नियम. बाळंत झाल्यावर दोन महिन्यांनी निकिता आली. लेक सासूच्या कडेवर. मी पाहिलं, जुळेना. पुन्हा पाहिलं, तरी जुळेना.

"डबडं झालंय बाई तुमचं," सासू पार्वतम्मा म्हणाल्या. मला दोन धपाटे बसले. पुढच्या महिन्यातही तेच. चूक माझी नव्हती हो, पण मला सांगता कुठं येतं?

तिसऱ्या खेपेला बाईंनी चिडून तो जुना फोटो उघडला आणि निकिताशेजारी धरला. फोटोतली पोरगी हसत होती. शेजारची कुठंच बघत नव्हती. बाईंनी पाकीट बाजूला ठेवलं.

"निकिता, झोप लागती का गं?"

"न्हाय बाई. लेकराला घ्यावंच वाटंना. कुठंतरी निघून जावं वाटतंय."

मनाचा डॉक्टर म्हणजे धाराशिव, जाऊन यायला अख्खा दिवस. "लोक येडी म्हणतील तिला," म्हणत पार्वतम्मा अडून बसल्या. नातीचं वजन दोन महिने हललं नव्हतं. बाईंनी तो आकडा माझ्या काचेवर त्यांना दाखवला. दुसऱ्या दिवशी लेकरासकट चौघी एसटीत बसल्या. गोळ्या सुरू झाल्या. पण धाराशिवची एखादी फेरी चुकली की निकिता पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसायची, आणि माझा जीव खालीवर व्हायचा.

अशात लहान मुलांसाठीच्या नव्या कायद्याचा मसुदा माझ्यावर आला. सरकारनं सूचना मागवल्या होत्या. आहार, लसी, खेळणी, सगळं होतं. आईच्या मनाबद्दल अवाक्षर नव्हतं. शेवटच्या दिवशी बाई निकिताच्या घरी लिहायला बसल्या: मनाचा डॉक्टर महिन्यातून दोनदा गावातच यावा. नावाच्या जागी त्यांनी 'एक आई' लिहिलं आणि सासू-सुनेला सगळं वाचून दाखवलं. माझी बॅटरी चार टक्के, रेंजचा पत्ता नाही. मी नुसता तळमळत होतो.

निकिता लेकीला पाजत बसली होती. म्हणाली, "एक आई कशाला, बाई? माझं नाव घाला."

बाईंनी पार्वतम्मांकडं पाहिलं. त्या येऊन सुनेशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "घाला. आन तिच्याखाली माझंबी."

बाईंनी मला अंगणात नेऊन उंच धरलं, रेंज आली आणि सूचना गेली. उत्तर अजून आलेलं नाही, आणि पुढच्या आठवड्यात मला ऑफिसात जमा करणार आहेत. मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल. पण बाळ बघायला जाल तेव्हा आधी आईला विचारा, तू कशी आहेस. आणि ती गप्प राहिली, तर उठून जाऊ नका.