येझदी चालू झाली नाही

रविवारी सकाळी रखमाजीआबांची येझदी पहिल्याच किकला चालू झाली. हे वाक्य वाचून झालं असेल तर विसरून जावं, कारण परंदवडीतल्या त्या अंगणात असं काही घडलेलंच नाही. तिथं उभ्या असलेल्या तिघांचंही तेच म्हणणं आहे, आणि त्या तिघांचं एरवी चहात साखर किती यावरही एकमत होत नाही.

तर, येझदी बंद होती.

ती दुरुस्त करायचं काम नातवाच्या, सत्यमच्या गळ्यात होतं. सत्यम वराळ्याजवळच्या एका कंपनीत दिवसभर मोटारींच्या वायरी जोडायचा आणि घरी आला की आजोबांच्या येझदीच्या वायरी जोडायला बसायचा. आबा लोणावळा स्टेशनातून रिटायर झालेले. नोकरीभर त्यांनी ही गाडी चालवली आणि वेळोवेळी हाताला लागेल ती वायर तिला जोडली. हेडलाइटला मांडवातल्या माळेची, ब्रेकलाइटला मोडक्या टेबलफॅनची. त्यामुळे ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा आणि हॉर्न दाबला की काहीच व्हायचं नाही. आबांना यात चूक दिसत नव्हती. थांबतोय हे लोकांना कळलेलं बरं.

खरं तर बिघाड सत्यमला पहिल्याच संध्याकाळी सापडला. फ्यूज उडाला होता. त्याने नवा घातला, चावीजवळचा दिवा लागला. तेवढ्यात आजी, शालूबाई, वैरणीचा भारा घेऊन जाता जाता थांबली.

"सत्या, काढ ते."

"काय?"

"आता घातलंस ते. ह्यास्नी समोरची म्हैस दिसत न्हाई. काल तिला 'बसा पावनं' म्हनले. आन् रविवारी हायवेनं औंढ्याला निघाल्यात, भनीकडं, नंदाबाईकडं. गाडीवर येतो म्हून फोन करून मोकळं झाल्यात."

सत्यमने फ्यूज काढून खिशात घातला. तेव्हापासून तो रोज खिशातला बिघाड गाडीत शोधायचा. दुरुस्ती करून माणूस दमतो, पण न करून त्याहून जास्त दमतो, कारण न करण्यातही रोज काहीतरी नवीन दाखवावं लागतं. एकदा त्याने कॉइल काढली, पुसली, परत बसवली. एकदा पॉइंट घासले. आबा खाटेवरून बघायचे, म्हणजे त्या दिशेला तोंड करून बसायचे.

"गावलं का रं?"

"बघतोय, आबा. कुटंतरी शॉर्ट हाय."

"बघ निवांत. घाई न्हाई."

आबांना घाई नाही, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. सत्यमला तिथंच संशय यायला हवा होता, पण दमलेल्या माणसाला संशय घ्यायलाही अंगात जीव लागतो.

शनिवारी शेजारचे धोंडिबा येऊन बसले. "रखमा, एसटी धर गपगुमान," ते म्हणाले.

"गाडीवरच जानार. पोरगं कंपनीत ह्येच काम करतंय." आबा वळले. "सत्या, फ्यूज बघितलास न्हवं?"

शेजाऱ्यासमोर याला 'न्हाई' म्हणणं शक्य नव्हतं. सत्यमने खिशातला फ्यूज बसवला आणि औंढ्याचा रस्ता, ट्रक, आबा असं सगळं एकदम डोळ्यांपुढे आणलं. आबांनी किक मारली.

काहीच झालं नाही.

धोंडिबा समाधानाने घरी गेले. सत्यम मात्र आता पहिल्यांदाच खरोखर बिघाड शोधू लागला. त्याने टेस्ट लॅम्प लावून पाहिला, बॅटरीपाशीच करंट अडला होता. इतके दिवस सीट उचलून बघायची त्याला गरजच पडली नव्हती. आता उचलली. अर्थची वायर स्क्रू काढून सोडवलेली होती, आणि तिच्या टोकावर काळी टेप गुंडाळून गुंडाळून मक्याच्या कणसाएवढी केली होती. त्या टेपमधून आबांच्या चष्म्याची दोरी लोंबत होती. सोमवारपासून आख्खं घर ती शोधत होतं.

"आबा, तुमची दोरी."

आबांनी ती बोटांनी चाचपली. "कुटं व्हती?"

"अर्थच्या वायरीत."

आबांनी दोरी गुंडाळून खिशात घातली.

"रस्ता दिसत न्हाई रं," आबा म्हणाले. "आजीला बोलू नगंस."

"मग नंदाआजीला तसं सांगा."

"गाडी बिघडली म्हून येत न्हाई, आसं सांगता येतं. मी बिघडलो म्हून कसं सांगायचं?"

सत्यमने मान हलवली आणि तिथंच चूक केली. सुटी वायर दिसली की त्याच्या हातांना राहवत नसे. कंपनीने लावलेली सवय. आबांशी बोलता बोलता त्याने टेप सोलली आणि स्क्रू आवळून टाकला.

रविवारी आबा धुतलेली टोपी घालून बाहेर आले. गाडी चालू होत नाही हे भिंतीपलीकडे धोंडिबाला ऐकू जावं म्हणून त्यांनी जोरात किक मारली, आणि जे घडलं नाही ते घडलं. घाबरून त्यांनी ब्रेक दाबला. हॉर्न वाजला. मग चावी फिरवून सगळं बंद केलं.

"झाली काय रं, रखमा?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"न्हाई. टेम्पो गेला."

"मी तर आत हुते," शालूबाई अंगणाच्या मधोमध उभी राहून म्हणाली. पुढे होऊन तिने गाडीची चावी काढली आणि कनवटीला लावली. आबांनी ती मागितली नाही.

मग ते खाटेवर टेकले आणि रेल्वेच्या आवाजात म्हणाले, "सत्या, आरटीओला अर्ज लिही."

सत्यमने मोबाइल काढला. आबा सांगत गेले.

"मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी साहेब यांचे सेवेशी. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर वाहन कायमस्वरूपी नादुरुस्त व सदर वाहनमालक कायमस्वरूपी तंदुरुस्त असल्याचा एकत्रित दाखला मालकाच्या हयातीपर्यंत देण्यात यावा, आणि त्याची एक प्रत परस्पर औंढे येथे नंदाबाईंकडे पाठवण्यात यावी."