बाईसाहेबांचा स्पंज

तबेल्यातल्या त्या घोडीला सगळे बाईसाहेब म्हणत, कारण ती नाकावर माशी बसू देत नसे. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार काकांखेरीज कुणी मागून जवळ गेलं, की लाथ ठरलेली. काकांनी तिला शिंगरू असल्यापासून वाढवलेलं. तिची दोन शिंगरंही त्यांच्याच हातांवर जन्मली. पण गेली तीन वर्षं घोडा दाखवूनही ती गाभण राहत नव्हती, आणि मालकीणबाईंनी सांगून टाकलं होतं, या हंगामात नाही राहिली तर ती जाणार. घेणारा माणूस बघूनही गेला होता. तिचं पुढे काय करणार हे त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

काकांनी आपल्या परीने जिवाचं रान केलं. पहिल्यांदा दिवस राहिले नाहीत तेव्हा डॉक्टरबाई सहज म्हणाल्या होत्या, स्वच्छता सांभाळा. झालं! तेव्हापासून रोज दोनदा तिची शेपटी बांधून मागची बाजू औषधाच्या पाण्याने धुणं हे काकांचं व्रतच होऊन बसलं. डॉक्टरबाईंनी त्यासाठी कापूस दिला होता, एकदा वापरून फेकायचा. काकांना फेकाफेकी म्हणजे आळशांचं काम वाटे. त्यांच्याकडे चांगला जाडजूड स्पंज होता. स्वतःचा सदरा धुणार नाहीत इतक्या निगुतीने ते तो पिळत, उन्हात ठेवत. यंदा तर हौसेने शेजारी बांधलेल्या दोघींनाही त्याच स्पंजाने धुवायला घेतलं होतं.

तपासणीच्या दिवशी मशीनच्या पडद्यावर बाईसाहेबांच्या गर्भपिशवीत पुन्हा काळं पाणी दिसलं, म्हणजे आत जंतूंची लागण. शेजारच्या दोघींचीही तीच गत.

"मागच्या वेळच्या तपासणीत तिघींमध्ये एकच जंतू निघालाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काका, धुता कशाने?"

काकांनी ऐटीत स्पंज आणून दाखवला. डॉक्टरबाईंनी त्याचा एक कोपरा कापून बाटलीत घातला आणि निघून गेल्या. काकांना वाटलं, बाईंना पसंत पडला.

चार दिवसांनी त्या आल्या त्या थेट काकांकडे.

"हा स्पंज वरून सुकतो, आत ओल राहते. जंतू तिथेच वाढला. औषधाने बाकीचे मेले, हा मेला नाही. मग रोज तोच तिच्या अंगाला लागत गेला."

काकांना हिशेब लागला. आपल्याच हातांनी, आणि तेही तीन वर्षं.

"तुमचं नाव मी घेणार नाही," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "जंतू कुठून आला कळत नाही, एवढंच सांगेन."

"मग हिचं काय?"

"पिशवीचा तुकडा तपासलाय. व्रण थोडे आहेत. जंतू गेला तर आशा आहे, पण वर्ष जाईल. मालकीणबाई म्हणतात, पिशवीच निकामी आहे, पुन्हा तेच होणार. कारण कळत नाही म्हटल्यावर त्या कशाला थांबतील?"

बाईसाहेब काकांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभ्या होत्या. वयाच्या साठीत दुसरा तबेला कोण देणार, हा विचार काकांच्या मनात आला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते तसेच मालकीणबाईंच्या कचेरीत गेले.

"दोष घोडीचा नाही," ते म्हणाले. "माझ्या स्पंजाचा आहे. डॉक्टरबाईंनी कापूस दिला होता, मीच वापरला नाही."

मालकीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं.

"किती दिवस चाललं होतं हे?"

"तीन वर्षं. रोज दोनदा."

"वर्षभर ठेवू तिला," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्हीही राहा. चाऱ्याचं कोठार सांभाळा. पण काका, यापुढे कुठल्याही घोडीला हात लावायचा नाही. तिला तर नाहीच."

"बरोबर आहे," काका म्हणाले. ते बरोबरच होतं, आणि म्हणूनच ते सोसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवा मोतद्दार आला. काकांनी त्याला सगळं समजावलं, ती पाणी कधी पिते, खरारा कुठल्या बाजूने सुरू करायचा, कशाला बुजते. काका बोलत होते आणि बाईसाहेब दारावरून मान लांबवून त्यांचा खांदा शोधत होत्या. काका एक पाऊल मागे सरले.

"मागून जाताना आधी आवाज द्यायचा," ते म्हणाले. "तुमचा ओळखीचा नाही. पण रोज दिलात तर होईल."