चार टोकांचा नवस

एदुविहेस नवस बोलली तेव्हा मी तिच्या मुठीत चोळामोळा होऊन पडलो होतो. तिची धाकटी ओतिलिया पाच दिवस तापाने फणफणलेली. गव्हाणीतल्या लाकडी येशूबाळासमोर बसून ती म्हणाली, "बाळा, पोर वाचू दे. दरवर्षी तुला उभं करताना रुमालाची चारही टोकं माझ्या घरच्यांच्याच हातात असतील."

मी तोच रुमाल. तिच्या लग्नाच्या पोशाखातून उरलेल्या रेशमाचा. कडा तिनेच दुमडून शिवल्यात.

आमच्या मेरिदाच्या डोंगरात नाताळला निजवलेलं बाळ दोन फेब्रुवारीपर्यंत उभं करावं लागतं. त्याला रुमालात घ्यायचं, चौघांनी टोकं धरायची, मेणबत्त्या लावून गात घराभोवती फिरायचं आणि मग गव्हाणीत उभं करायचं. इतर घरी टोकं धरायला मानाचे पाहुणे बोलावतात. आमच्याकडे मात्र एदुविहेस, तिचा नवरा रोसेंदो, थोरला नाबोर आणि बरी झालेली ओतिलिया. ओतिलियाचं टोक खाली जायचं, म्हणून बाकीचे तिघे वाकून चालायचे. माझ्यावर मेण सांडायचं. मला त्याचं काही वाटत नसे.

पोरं मोठी झाली आणि माझी खरी रड सुरू झाली. रोसेंदो व्हायोलिन वाजवतो. जानेवारीभर रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी बाळ उभं करायला त्याचं बोलावणं. नाबोर कॅमेरा घेऊन तिथेच, ओतिलिया त्याच घरांसाठी केक भाजण्यात गुंतलेली. सगळा गाव यांच्या जिवावर सण करतो आणि आमचं बाळ पाठीवर पडून छत बघतं. एदुविहेस विचारायची, तिघेही म्हणायचे, "उद्या." मी कपाटात घडी होऊन ते 'उद्या' ऐकत राहायचो. इतकं ऐकलं की घडीवर पिवळी रेघ पडली.

गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी एकदाचा घाईत उरकला सण. घराभोवती फिरणं रद्द, सगळं जागच्या जागी. रोसेंदोच्या एकाच हातात व्हायोलिनचा गज आणि माझं टोक. नाबोरने त्याचं टोक दारात आलेल्या पाहुण्याला दिलं, कारण त्याला चित्रण करायचं होतं. ओतिलियाचा केक भट्टीत होता, तिने तिचं टोक खुर्चीच्या पाठीला गाठ मारून ठेवलं. खुर्ची कलली आणि बाळ पडलं, त्याचं बोट तुटलं. सगळे म्हणाले, रुमालच घसरडा आहे. म्हणजे दोषही माझाच. एदुविहेसने ते बोट उचलून देवघरात ठेवलं आणि त्या दिवसापासून नवस अंगावर राहिल्यासारखी ती वावरू लागली.

यंदा दोन फेब्रुवारीच्या दुपारी गव्हाणी रिकामी दिसली.

ज्या घरी बाळ आडवंच राहतं, तिथून ते कुणीतरी पळवतं आणि घरच्यांनी दारोदार शोधत फिरायचं, अशी आमच्याकडची रीत. रोसेंदोचं तोंड उतरलं. व्हायोलिन, कॅमेरा, केक सगळं टाकून तिघे बाहेर पडले. कितीतरी वर्षांनी तिघे एका वाटेने चालले असतील.

घरोघरी त्यांना काय काय ऐकावं लागलं, ते ओतिलियाने परत आल्यावर सांगितलं. कुणी म्हणालं, केकच्या पिठात बघ. कुणी नाबोरला विचारलं, फोटो असेल ना, मग त्यालाच उभं कर की. शेजारच्या फिदेलिनाबाई दारातूनच म्हणाल्या, "रोसेंदोदादा, गावाची बाळं उभी करता करता घरचं हरवलंत होय?" रोसेंदो पुढच्या दाराकडे वळला.

हात हलवत तिघे स्वयंपाकघरात आले. एदुविहेसने पदरासारखं घट्ट धरलेलं ॲप्रन सोडलं. आत मी होतो आणि माझ्यात बाळ.

"चोर मीच," ती म्हणाली. "आता टोकं धरा. माझे हात दुखतायत."

रोसेंदो चिडणार होता. पण ओतिलियाला हसू फुटलं आणि त्याचा राग तिथेच विरला. पाहुणे नव्हते, केक नव्हता. व्हायोलिन आणायला तो वळला, तशी एदुविहेसने त्याच्या हातात टोक दिलं. मग तो नुसत्या घोगऱ्या गळ्याने गायला. चौघे घराभोवती निघाले.

अर्ध्या वाटेत नाबोरचा फोन वाजला. माझं एक टोक सैल पडलं. तो सैलपणा माझ्या चांगला ओळखीचा आहे. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा मीच घसरडा. फोन वाजत राहिला, वाजायचा थांबला. टोक पुन्हा ताणलं गेलं.

बाळ उभं राहिलं, तुटक्या बोटाचं.

आता मी कपाटात नाही, गव्हाणीखालीच अंथरलेला आहे. पुढच्या वर्षीचा भरवसा मला नाही. एदुविहेसला आहे. तुमच्या घरीही सणाला कुणीतरी एकटंच चारही टोकं सांभाळत उभं असेल. तेवढं हातातलं खाली ठेवा आणि त्यातलं एक टोक धरा.