पुन्हा टेम्पोत नाही

"लोखंड शेवटी माणसाच्या इच्छाशक्तीपुढे वाकतंच!" निवृत्त वरिष्ठ लिपिक राजशेखर हत्तुरे यांनी अर्ध्या गल्लीच्या देखत जाहीर केलं आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून लाथ मारली. लोखंड खरोखरच वाकलं. फक्त तो गिअरचा दांडा होता. किक दुसऱ्या बाजूला होती.

राजशेखर यांना सोलापूरच्या बाळीवेशीत सगळे अण्णा म्हणतात. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या कामांवर शेरे मारले, स्वतःच्या हाताने खिळा कधी ठोकला नाही. अशा माणसाने साठी उलटल्यावर जिन्याखालची जुनी, लहानखुरी मोटारसायकल दुरुस्त करायला घेतली, त्याला कारण होतं. ते कारण अक्कलकोटला राहत होतं आणि त्याचं नाव मल्लप्पा.

मल्लप्पा म्हणजे अण्णांचा मेव्हणा. वीसेक वर्षांपूर्वी सासरी, अक्कलकोटला जाताना अण्णांची ही गाडी वळसंगच्या अलीकडे बंद पडली. मल्लप्पाने त्याच आठवड्यात नवा टेम्पो घेतला होता. टेम्पो घेऊन तो आला, गाडी त्यात आडवी टाकली आणि अण्णांना तिच्याजवळ उकिडवं बसवलं. तेव्हापासून नात्यातल्या प्रत्येक लग्नात, जेवणाच्या पंगतीत, तो ऐकवत असे, "माझ्या टेम्पोची बोहनी कुणी केली म्हायती हाय का? आमच्या भाऊजींनी!"

पुढच्याच महिन्यात अण्णांनी स्कूटर घेतली आणि मोटारसायकल जिन्याखाली गेली, ती गेलीच. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला, ती पुसली जाई. अण्णांच्या पत्नी विजयमालाबाई तिच्या दिव्यावर तीन बोटांनी विभूती ओढत, हार घालत, उदबत्ती लावत. बंद गाडीची इतकी नियमित पूजा सोलापुरात दुसरीकडे होत नसावी.

यंदा मात्र विजयमालाबाईंच्या कडक भाकरीच्या व्यवसायाने जोर धरला. पुण्याहून मागणी येऊ लागली. डबे ठेवायला जागा पुरेना.

"अहो, जिन्याखालची जागा मला लागतीय," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीला मल्लप्पा येणार हाय जेवायला. जाताना गाडी टेम्पोत घालून नेईल भंगारात."

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. गाडी गेली असती तर त्यांनी सोसलं असतं. पण मल्लप्पाच्या टेम्पोतून? परत?

"ती टेम्पोत चढणार नाही," अण्णा म्हणाले. "फाटकातून स्वतःच्या पायांनी बाहेर पडेल."

"पडली तर ठेवा. रस्त्यावर ठेवा पर. जागा मला दोन्हीकडनं पायजेच."

इथून अण्णांचं शिक्षण सुरू झालं. मोबाईलवर त्यांना केरळातल्या एका माणसाचे व्हिडिओ सापडले. तो अगदी असल्याच गाड्या उघडून दाखवत होता. भाषा मल्याळम. अण्णांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे गैरसमज व्हायला वावच नव्हता. तो जे फिरवी ते अण्णा फिरवीत. तो हसला की अण्णा थांबून विचार करीत, यात हसण्यासारखं काय होतं?

इंजिन गंजून घट्ट बसलं होतं. व्हिडिओतल्या माणसाने प्लगच्या भोकातून कसलंसं तेल ओतलं. अण्णांनी करडईचं ओतलं, कारण घरात तेच होतं. सकाळी पुन्हा ओतलं, संध्याकाळी पुन्हा. विजयमालाबाईंनी बरणी उजेडात धरून पाहिली.

"तेल कसं संपायलंय एवढं? भाजीला तर मी बोटभरच घालतीय."

"उन्हाळ्यात तेल उडतं," अण्णा म्हणाले.

"आता कुठला उन्हाळा?"

अण्णांनी विषय बदलला. पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी किक खाली गेली. (एव्हाना किक कुठे असते हे पक्कं झालं होतं.) ती खाली गेली त्या क्षणी अण्णांना वाटलं, आपण उगाच कारकुनीत वर्षं घालवली.

मग कार्बोरेटर. तो उघडताना बारकी स्प्रिंग उडाली आणि विजयमालाबाईंच्या पिठाच्या परातीत पडली. ती भाकरी थापताना सापडली, पुण्याला गेली नाही, हे पुण्याचं नशीब. मग पेट्रोलच्या टाकीखालचा खटका. तो घासून लख्ख केल्यावर अण्णांच्या लक्षात आलं की त्याला दोन नव्हे, तीन जागा आहेत: बंद, चालू आणि राखीव. चालूतलं पेट्रोल संपलं की खटका राखीववर फिरवायचा, की गाडी आणखी बरंच अंतर जाते. वळसंगपासून अक्कलकोटपर्यंत तर सहज.

अण्णा बराच वेळ त्या खटक्याकडे बघत बसले. ही माहिती त्यांनी आजतागायत कुणाला दिलेली नाही.

गाडी मात्र सुरू होईना. म्हणजे व्हायची, पण एकदाच. किक मारली की 'फट्' असा एक आवाज येई आणि गळा दाबल्यासारखी ती गप्प होई. अण्णांनी प्लग बदलला. पुन्हा फट् आणि गप्प. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून नव्याने भरलं. फट् आणि गप्प. शेवटी नाक्यावरच्या खाजा मिस्त्रीला बोलावलं. त्याने दोन किका मारल्या, कान लावला, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं अण्णांना बाजूला घेतलं.

"काका, इंजन खलास है. नया इंजन डालो, नै तो नया शौक पकडो."

"इंजिन ठीक आहे," अण्णा म्हणाले.

"तुमको कैसा मालूम?"

"मी स्वतः जोडलंय."

"वोईच तो बोल रहा मैं," खाजा म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. अण्णांनी सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा पुसलं, पुन्हा जोडलं. वाकलेला गिअरचा दांडा खलबत्त्याने ठोकून सरळ केला. त्याने पहिला गिअर पडू लागला, बाकीच्यांचं काही सांगता येत नव्हतं. उजव्या पायाचा घोटा सुजला, तर ते पट्टी बांधून बसले. समोरच्या सावित्रम्मा रोज दारातून विचारायच्या, "अण्णा, झालं का हो?" आणि अण्णा रोज एकच उत्तर द्यायचे, "होतंय."

खंडेनवमी उजाडली. मल्लप्पा आला तोच टेम्पोचं मागचं फळकूट खाली सोडून.

"भाऊजी, दोर आणलाय. आणि तुमच्यासाटनं खुर्ची आणलीय. ह्या टायमाला उकिडवं बसायचं न्हाई."

अण्णांनी गाडी अंगणात आणली आणि किक मारली. फट्.

"ढेकर दिला की हो तिनं," मल्लप्पा म्हणाला. "जेवली वाटतं. अक्का, आमाला पण वाढ."

"आधी पूजा," विजयमालाबाई म्हणाल्या. भंगारात जाणारी असली तरी खंडेनवमीला गाडी बिनपूजेची कशी ठेवायची? त्यांनी विभूती ओढली, हार घातला, अक्षता टाकल्या, नारळाचं पाणी शिंपडलं. मग उदबत्ती पेटवली, सवयीने गाडीच्या मागे गेल्या आणि वाकल्या. उदबत्ती मोडली. दुसरी घेतली. तीही मोडली.

"काय झालंय काय यंदा? आत जाईनाच."

"कशाच्या आत?" अण्णांनी विचारलं.

"ह्या नळीच्या. दरवर्षी इथंच लावते की मी. छान उभी राहती, वारा लागत न्हाई."

अण्णा उठले. लंगडत मागे आले आणि खाली बसून त्यांनी सायलेन्सरच्या नळीत पाहिलं. आत उजेड नव्हता. काड्यांची बुडखं नुसती खच्चून बसली होती.

"मग जळलेल्या काड्या काढत नव्हतीस?"

"पुरती जळली की उरलेली काडी आत ढकलायची. अंगणात कचरा नको म्हणून."

मल्लप्पाला काय चाललंय ते कळेना. "भाऊजी, जेवायचं का?"

"तुम्ही जेवून घ्या," अण्णा म्हणाले. "सावकाश जेवा. पुरणपोळी दोनदा घ्या."

मल्लप्पाने पुरणपोळी दोनदा घेतली, मग तिसऱ्यांदा. तेवढ्यात अण्णांनी सायलेन्सर खोलला आणि जुन्या छत्रीची काडी घालून कोरायला घेतला. आधी काड्या आल्या, मग राख, मग अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, परत काड्या. थर लागलेले होते. कुठल्या वर्षी मोगऱ्याची उदबत्ती होती आणि कुठल्या वर्षी चंदनाची, ते नुसत्या वासावरून सांगता येत होतं. विजयमालाबाई पदराने तोंड दाबून उभ्या होत्या. हसू दाबत होत्या की रडू, ते ठरत नव्हतं.

"मी भक्तीनं लावत होते हो."

"भक्ती कमी पडली नाही," अण्णा म्हणाले. "जागा कमी पडली."

सायलेन्सर बसवला. मल्लप्पा हात पुसत बाहेर आला, दोर खांद्यावर. अण्णांनी पट्टी बांधलेला पाय किकवर ठेवला.

फट्. फट्‌फट्. फट्‌फट्‌फट्‌फट्.

ती थांबलीच नाही. मागून निळसर धुराचा असा काही लोट उठला की टेम्पो दिसेनासा झाला. त्या धुराला आधी मोगऱ्याचा वास होता, मागोमाग खमंग तळणीचा. सावित्रम्मा दारात आल्या.

"कुणाकडं भजी करायलेत गं?"

विजयमालाबाईंनी अण्णांकडे पाहिलं. करडईच्या तेलाचा हिशेब त्यांना त्या क्षणी लागला.

अण्णा गाडीवर बसले आणि पहिला गिअर टाकला. दुसरा आहे की नाही हे तपासायच्या भानगडीत ते पडले नाहीत. गाडी हारासकट, विभूतीसकट, स्वतःच्या चाकांवर फाटकातून बाहेर पडली. मल्लप्पाने फळकूट वर करून कडी लावली. मग टेम्पोतली खुर्ची उतरवली आणि तिच्यावर स्वतःच बसला.

"कुटं निघाला, भाऊजी?" त्याने ओरडून विचारलं.

"वळसंगला!"

"एवढ्या लांब? पेट्रोल हाय का?"

अण्णांनी टाकीखालचा खटका चाचपला. "राखीव आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात विजयमालाबाई धावत फाटकात आल्या. त्यांचे डोळे ओले होते, धुराने असतील. "अहो, थांबा! थांबा जरा!"

गाडी थांबवली तर परत सुरू होईलच, याची अण्णांना खात्री नव्हती. तरी त्यांनी दोन्ही पाय टेकले, मूठ पिळून इंजिन धडधडतं ठेवलं आणि मान वळवली. ओवाळायचं राहिलं असेल, त्यांना वाटलं. एवढ्या वर्षांनी दोन शब्द बोलायचे असतील.

"जाता जाता बाजारातनं तेवढं एक उदबत्तीचं घर आणा की," विजयमालाबाई म्हणाल्या. "आता काडी कुटं खोचू मी?"