हिवराखालचा हात

गोपालचा उजवा हात वडनेर भोलजीच्या शिवारात, त्यांच्याच शेताच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर, हिवराच्या झाडाखाली पुरलेला आहे. सोयाबीन काढताना थ्रेशरनं तो कोपरापासून ओढून नेला. लोक गोपालला घेऊन अकोल्याला पळाले आणि त्याची आई रुखमाबाई मागं राहून कुटारात हात शोधत बसली. सापडला तेव्हा मूठ घट्ट वळलेली होती. तिनं मीठ टाकून तो तसाच पुरला, मूठ उघडायची हिंमत झाली नाही. तिला भित्री म्हणणाऱ्यानं आधी आपल्या लेकाचा हात भुशातून उचलून दाखवावा.

तेव्हापासून सर्वपित्री अमावस्येला त्या घरातून दोन पानं निघतात. एक गोपालच्या वडिलांचं, दुसरं हाताचं. आधी गाव हसलं. हाताचं कुठं पान असतं का? पण पहिल्याच वर्षी कावळा हाताच्या पानाला शिवला आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

मी समता. आमच्या घरी पानं ठेवत नाहीत आणि कावळ्यालाही बोलवत नाहीत. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून एका कुबडीवर चालते आणि आमच्या भागातल्या अपंगांची संघटना चालवते. सरकार आता आम्हाला दिव्यांग म्हणतं. नाव मोठं लक्षण खोटं, कारण नाव दिलं आणि पगार बंद केला. योजनेच्या पैशाला आमच्याकडे पगारच म्हणतात. गोपालच्या प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, अपंगत्व तात्पुरतं. मुदत संपली आणि पगार थांबला. चौकशी केली तर असे पुष्कळ निघाले. कुणाचा पाय तात्पुरता गेलेला, कुणाचे कान. गुलाबकाका जन्मापासून आंधळे, संघटनेत सगळ्यांत वडील. ते म्हणाले, "माहे डोये गावाले गेले असतीन. येतीन दिवाळीले."

सगळे हसले, गोपाल हसला नाही. एका हाताच्या माणसाला मजुरीला कुणी बोलवत नाही. जेमतेम शेत, तेही बटईनं दिलेलं. घर त्या पगारावर आणि रुखमाबाईच्या निंदणावर चालायचं, आणि आता तिचे गुडघे तिला बसू देत नव्हते.

यंदा अमावस्येला मी अर्जावर गोपालची सही घ्यायला गेले, तर मायलेक हिवराखाली. वडिलांचं पान कावळ्यांनी केव्हाच विस्कटलं होतं. हाताच्या पानाकडे ते फांदीवरून नुसते बघत होते. गेलेल्याचं काही मागं राहिलं असेल तर कावळा शिवत नाही. मग घरचे एकेक वचन देत जातात आणि राहिलेलं नेमकं सापडलं की कावळा उतरतो, असं मानतात.

रुखमाबाई जमिनीशी बोलत होती. "काय पाह्यजे बापा तुले? गोपालचं लगन लावून देईन." कावळा हलला नाही. "तुही मूठ म्या उघडली नाही, माह्यं चुकलं." तरी नाही.

गोपाल उजव्या बाहीची गाठ डाव्या हातात धरून उभा होता. "ताई, आज मूठ लय आवळली," तो हळूच म्हणाला. "नखं रुतून राह्यली तळहातात." नसलेल्या हाताची मूठ त्याला अजून जाणवते. डॉक्टर म्हणतात, ते नसांचं काम आहे. मीही त्याला तेच सांगत आले होते.

मला राग आला. कावळ्याचा, सरकारचा, उन्हात बसलेल्या म्हातारीचा, सगळ्यांचाच. मी म्हटलं, "मावशी, त्याले लगन नको. पगार बंद झाला, तो पाह्यजे." आणि हिवराकडे बघून फटकन बोलून गेले, "देईन चालू करून. सगळ्यायचा करून देईन. एकालेबी सोडनार नाही. झालं समाधान?"

कावळा उतरला. त्यानं खिरीत चोच घातली आणि उडून गेला. रुखमाबाईनं माझे पाय धरले. मला हसण्यावारी न्यायचं होतं, पण अंगावर काटा आला आणि तो बराच वेळ गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुबडी उचलली, तर हातात धरायची दांडी गरम लागली. आत्ताच कुणीतरी धरून ठेवली असावी तशी. ऊन पडलं असेल म्हटलं. पण कुबडी दाराआड होती, तिथं ऊन येत नाही.

पुढच्या आठवड्यात मी तालुक्याला अर्ज घेऊन गेले. तिथले साहेब मान वर न करता म्हणाले, "बाई, नंतर या." असं नंतर या ऐकण्यात माझी निम्मी हयात गेली आहे, म्हणून सवयीनं उठायला गेले, तर कुबडी फरशीवरून निघेना. वाकून बघितलं. फट नव्हती, काही चिकटलेलं नव्हतं. वरून कुणी दाबून धरलं होतं म्हणावं, तर दांडीवर फक्त माझाच हात दिसत होता. मी परत बसले. साहेब चिडले, जेवून आले, पुन्हा चिडले. शेवटी संध्याकाळी पत्र मिळालं, की आमच्या सगळ्यांची फेरतपासणी बुलढाण्याच्या शिबिरात होईल. त्यानंतरच कुबडी निघाली. गावात माझं नाव झालं, समताताई मोठ्या जिद्दीची. जिद्द कसली डोंबलाची!

मी कुणाला काही सांगितलं नाही. भुताखेतांविरुद्ध भाषणं देणारी मी, सांगणार तरी कोणत्या तोंडानं? मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. कुबडी धरायच्या आधी मी पदरानं दांडी पुसायला लागले.

शिबिराच्या दिवशी आम्ही टेम्पो करून राजूरचा घाट चढलो. एका मोठ्या सभागृहात गर्दी उसळली होती. गोपालचा नंबर दुपारी लागला. रुखमाबाई आणि मी त्याच्याबरोबर आत गेलो. डॉक्टर तरुण होता, थकलेला, माणूस वाईट वाटला नाही. त्यानं बाहीची गाठ बघितली आणि कॉम्प्युटरकडे वळला. "तात्पुरतं, पाच वर्षं. आजच देतो. पगार सुरू होईल."

"डॉक्टर, हात परत उगवतो का?" मी विचारलं.

"नाही उगवत, मलाही कळतं. पण कायमस्वरूपी लिहायचं तर वरिष्ठांच्या सह्या लागतात. त्यांना बोलवायचं, वाट बघायची. बाहेर किती लोक आहेत बघा. घ्या हे, पाच वर्षांनी पुन्हा या."

गोपाल माझ्याकडे बघत होता. घेऊन टाकू या, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. खरं सांगते, माझंही मन तिकडेच झुकलं. पगार सुरू होतोय, आणखी काय हवं?

रुखमाबाईनं विचारलं, "साहेब, तात्पुरतं म्हंजे काय?"

"म्हणजे सध्यापुरतं, आजी."

"सध्यापुरता गेला?" ती टेबल धरून उभी राहिली. आवाज चढला नव्हता. "मंग म्या कोनाले पुरलं? कुटारातून म्या काढला त्याले, मीठ टाकलं, दरसाल त्याचं पान ठेवलं. अन् तुमी लिहून राह्यले का तो येनार हाय. म्हनूनच मूठ सोडत नाही तो. तो मेला, हे त्याले कोनी सांगतलंच नाही. लिहा साहेब. मेला म्हनून लिहा."

डॉक्टरनं कीबोर्डवरचा हात काढला. मग त्यानं फोन लावला. वरिष्ठ कुरकुरत आले, गोपालची बाही वर करून बघितली आणि सह्या केल्या. कागदावर लिहून आलं, कायमस्वरूपी.

तोवर शिबिराची वेळ संपली होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुमचं एक काम झालं. बाकीच्यांना पुढच्या शिबिरात आणा." शिबिर कधी, ते त्याला माहीत नव्हतं.

बाहेर आमची माणसं भिंतीशी टेकून बसली होती. मी सांगितलं. आमच्या लोकांना परत जायची इतकी सवय आहे, की ते लगेच आपापल्या काठ्या आणि पिशव्या शोधायला लागले.

तेवढ्यात गोपाल माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "ताई, मूठ उघडली," तो म्हणाला. "आत्ताच उघडली. आता तिथं काईच नाही." रुखमाबाई त्याच्या रिकाम्या बाहीत तोंड खुपसून रडायला लागली. मलाही रडू आलं. सुटलो एकदाचे, असं वाटलं.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मी उठायला कुबडीवर हात ठेवला, आणि ती जागची हलली नाही. दांडी गरम होती. या वेळी बोटंही जाणवली. माझ्या बोटांवरून पाच बोटं वळली आणि आवळली गेली. सगळ्यांचा करून देईन, हे मीच बोलले होते.

गुलाबकाका चाचपडत माझ्याकडे आले. आधारासाठी त्यांनी कुबडीची दांडी धरली आणि झटका बसल्यासारखा हात मागं घेतला. डोकं तिरकं करून त्यांनी कानोसा घेतला.

"समते," ते अगदी हळू म्हणाले, "इथं हात कोनाचा हाय व?"

"आपलाच हाय, काका," मी म्हटलं. "टेम्पो परत पाठवा. अन् सगळ्यायले सांगा, दारासमोरच बसा."