पेन्सिलीतली कपार

…नाही, हा अजून पांढराच दिसतोय. तिने तो चिनीमातीचा दात चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडाकडे नेला, रंगाच्या पट्टीवरच्या नमुन्यांशेजारी ठेवून डोळे बारीक केले — पुढचा, वरचा, कुणा मास्तरांचा. मास्तर साठीचे, चहाबाज, म्हणजे मुळाशी पिवळसर झाक हवी आणि टोकाला जरा धूसर, नाहीतर तोंड उघडलं की लोक मास्तरांना सोडून दाताकडेच बघत बसणार. तिने सगळ्यात बारीक ब्रश उचलला. हाच ब्रश. याच ब्रशाने तिने बुटक्याच्या मूर्तीच्या दाढीत पांढरे केस घातले होते, एकेक, भिंगातून बघत, आणि शेजारी बसून तो म्हणत होता, ‘ताई, अगं वय वाढवतेस की काय माझं? दोन केस पुरे.’

बुटक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. सहा फूट एक इंच. शाळेत उशिरा वाढला आणि नाव तेवढं चिकटून राहिलं, आणि त्या नावाचा त्याला राग येण्याऐवजी असा काही लळा लागला की टेबलाभोवती बसून गोष्ट रचत जायचा तो खेळ सुरू केला तेव्हा त्याने स्वतःसाठी शिशाची मूर्ती निवडली तीही बुटक्याचीच — बोटाच्या दोन पेरांएवढी, खांद्यावर हातोडा, कमरेला दोरी. वहिनी तिरंदाज झाली. आणि ताई? ताई काहीच झाली नाही. ताईने जग चालवायचं. पुढे काय दिसतं ते ती सांगणार, ते दोघं काय करतात ते सांगणार, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. इतर ठिकाणी म्हणे ज्याचा फासा त्याने टाकायचा. यांच्यात तो ताईच टाकायची, समोर पुठ्ठा उभा करून, म्हणजे पुढचं कुणाला आधी कळू नये. अकरा वर्षं, दर रविवारी दुपारी.

नकाशे बुटक्याचे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दिवसभर नळांचे आराखडे काढायचा आणि घरी येऊन पुन्हा पेन्सिल घेऊन बसायचा. त्यामुळे त्याच्या त्या अद्भुत देशातल्या नद्यासुद्धा काटकोनात वळायच्या. ‘मेल्या, नदीला कोपरे असतात का रे?’ ‘सवय गं. सांधा कुठे बसणार ते आधी दिसतं मला.’ फक्त एक नियम होता दोघांत, कधी ठरवला ते आठवत नाही. त्याने सगळं पेन्सिलीने काढायचं, आणि तिला पटलं तर तिने त्यावरून शाई फिरवायची. पेन्सिल म्हणजे विचारलेलं. शाई म्हणजे झालेलं. तिच्या शाईशिवाय त्या देशात एक टेकडीही उभी राहत नव्हती.

दात भट्टीत गेला. बाहेरच्या बाकावर वहिनी येऊन बसली होती… फोनवर म्हणाली होती दुपारी येईन, पण तिला वाटलं होतं येणार नाही, खरं तर येऊ नये असंच वाटत होतं. वहिनी बारीक झाली होती. मांडीवर बुटांचं खोकं.

“त्याचं टेबल आवरलं,” वहिनी म्हणाली. “हे तुमचंच आहे. माझ्याकडे राहून काय करू?”

तिने खोकं घेतलं आणि उघडलं नाही. चहा मागवला. उगाच मास्तरांच्या दाताविषयी काहीबाही बोलत राहिली. दोन महिने झाले त्याला जाऊन. आराखड्यावर डोकं टेकलं ते टेकलंच, शेजारच्याला वाटलं डुलकी लागली. त्या परक्या शहरात त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. आणि त्याआधीचा तो रविवार…

त्या रविवारी पेन्सिलीला टोक करता करता तो म्हणाला होता, ‘बदली झाली ताई. पुढच्या महिन्यात जायचं.’ कसं म्हणाला! दूध संपलंय म्हणावं तसं. तिने ‘हो का’ म्हटलं आणि खेळ सुरू ठेवला. दरीवर दोरांचा पूल. वहिनीची तिरंदाज पलीकडे पोचलेली. बुटक्या मधोमध, आणि दोर तुटला. दहाच्या वर पडलं तर वाचणार. फासा थांबला — तीन. तीन तर यापूर्वी कितीदा पडले होते, दोन पडले होते, एकही पडला होता, आणि दरवेळी तिने पुठ्ठ्याआडून जीभ न चाचरता सांगितलं होतं, ‘तेरा. वाचलास.’ तेराच का, कोण जाणे; खरा वाटतो तो आकडा. त्या दिवशी तिने पुठ्ठा बाजूला केला. ‘तीन. ये, बघ स्वतः.’ तो वाकून बघत हसला, ‘तीनच की,’ म्हणाला, आणि मूर्ती आडवी ठेवली.

मी खोटं बोलले नाही. हे वाक्य तिने त्या दिवसापासून किती वेळा स्वतःला सांगितलं असेल — ब्रश धुताना, भट्टीचं दार लावताना, त्याला शेवटचं बघून परत येताना बसच्या खिडकीशी. जे पडलं तेच सांगितलं. अकरा वर्षांत एकदाच खरं बोलले, त्यात काय चुकलं? आणि त्याला कुठे माहीत होतं की आधीचं सगळं खोटं होतं… त्याच्या लेखी फासा पडला, खेळ संपला. एवढ्याच एका गोष्टीवर तिची झोप टिकून होती.

“ताई, एक सांगू?” वहिनीने कप खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी काहीतरी हसरं आलं होतं. “तुम्ही त्याच्यासाठी आकडे बदलायचात ना, ते त्याला ठाऊक होतं.”

“म्हणजे?”

“तुमच्या मागे काचेचं कपाट नाही का? त्यात फासा दिसायचा त्याला. पहिल्याच वर्षी लक्षात आलं होतं. मला म्हणाला, गप्प बस, सांगू नकोस तिला. घरी गेल्यावर हसायचा नुसता. ‘ताई मला मरूच देत नाही,’ म्हणायचा.”

वहिनीने हे तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं, ते तिला दिसत होतं, म्हणून तिने मान हलवली, हसायचा प्रयत्नही केला.  म्हणजे त्या दिवशीही काच होतीच की मागे. पुठ्ठा बाजूला व्हायच्या आधीच त्याला तीन दिसला होता, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता, तेराची वाट बघत… किती वेळ बघत असेल? मी पुठ्ठ्याला हात लावेपर्यंत.

“नकाशापण आहे आत,” वहिनी उठली. “नव्या घरी गेल्यागेल्या काढायला बसला होता. सामानाची खोकी तशीच, आणि हा आपला जमिनीवर पालथा.”

“मग पाठवला का नाही?”

“मी म्हटलं पाठव. तर म्हणे, ताईने मागितला की पाठवतो.”

फोनवर दोनदा म्हणाला होता तो, ‘नकाशा पाठवू का गं?’ आणि दोन्ही वेळा ती म्हणाली होती, ‘सावकाश. घाई काय आहे?’ त्या ‘सावकाश’मधला गारठा तिचा तिला अजून ऐकू येत होता.

वहिनी गेल्यावर तिने टेबलावरचे दातांचे साचे बाजूला सारले आणि कागद पसरला. जुनाच नकाशा, नव्याने उतरवलेला: काटकोनी नद्या, जंगल, दरी, तुटलेला पूल. यातलं सगळं तिच्या शाईतलं होतं, म्हणून त्यानेही शाईनेच काढलं होतं. तिने भिंग घेतलं. पुलाच्या खाली, दरीच्या भिंतीला, एक कपार होती. एवढीशी. माणूस मावणार नाही, बुटका मावेल. तिथून वर येणारी कमरेची दोरी, अर्ध्यावर संपलेली. आणि शेजारी, नळांच्या आराखड्यावर आकडे लिहायचा त्या नीटस अक्षरात: ‘इथे अडकलोय. ताई, चालेल?’

तेवढंच फक्त पेन्सिलीत होतं.

गाढवा, बोलायचंस ना. तोंड होतं ना सहा फुटांवर… आणि मी? मी तरी काय वेगळं केलं, फासा पुढे करून बोलले. जाऊ नकोस एवढं म्हणता आलं नाही मला. रडू आलं ते तिने थोपवलं नाही, फक्त कागद लांब सरकवला, पेन्सिलीवर पाणी पडू नये म्हणून. मग खोक्यातून मूर्ती काढून कपारीवर उभी केली. दाढीत दोनच पांढरे केस तिने ठेवले होते शेवटी. ड्रॉवरमधून शाईचं पेन काढलं, टोपण उघडलं. आता फिरवली तर ते झालेलं होईल? आणि कुणासाठी होईल? मी हे त्याच्यासाठी करतेय की माझ्या झोपेसाठी? नाही फिरवली तर तो विचारतच राहणार, पेन्सिलीत, आणि पेन्सिल हळूहळू पुसत जाते.

“काय ताई, झाले का दात? डॉक्टर चावायला उठलेत तिकडे.” दारात काका उभे होते, दवाखान्यांत माल पोचवणारे, हेल्मेट काखेत. “किती आहेत आज?”

“तेरा,” ती म्हणाली.

आपसूक आलं. जीभ चाचरली नाही. काकांनी ट्रेवर वाकून बोटाने मोजले, पुन्हा मोजले, आणि हसले.

“अहो, तीनच की.”

 मी खोटं बोलले नाही, हे वाक्य तिने आत शोधलं, सवयीने, पण ते आता तिच्या कामाचं राहिलं नव्हतं.

“हो काका,” ती म्हणाली, “तीनच आहेत. पाच मिनिटं बसता का?”

काका बाकावर टेकले. ती पेन हातात धरून कपारीकडे बघत राहिली. उघड्या टोकावरची शाई वाळत चालली होती.