जन्मतःच होतं

सरांना घरात दोन मुली ‘बाबा’ म्हणत. मैदानाच्या फाटकातून आत शिरलं की थोरलीने मात्र इतर मुलांसारखं ‘सर’च म्हणायचं, असा त्यांचा दंडक होता. दिवसभर ते एका शाळेत खेळाचे शिक्षक आणि संध्याकाळी मोठ्या मैदानावर धावपटूंचे प्रशिक्षक. थोरलीला त्यांनी लाडाने ‘भिंगरी’ म्हणायला सुरुवात केली, कारण लहानपणी ती कधी एका जागी बसलीच नाही. पुढे ती धावायला लागली, एकामागून एक शर्यती मारायला लागली, आणि तिचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं.

तिची आई एका चष्म्याच्या दुकानात काम करत असे. भिंगं घासायची, काड्या वाकवून गिऱ्हाइकाच्या कानामागे नीट बसवायच्या, ढिले स्क्रू आवळायचे. दुकानात सगळे त्यांना ताई म्हणत.

भिंगरी पहिल्यांदा पडली ती सरावात. शेवटच्या वळणावर तिने वेग वाढवला आणि पाय कापून टाकल्यासारखी खाली आली. डोळे क्षणभर पांढरे झाले. सरांनी बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर मारलं.

“बाबा, मला काहीतरी होतंय,” ती शुद्धीवर येत म्हणाली.

“मैदानावर सर म्हणायचं. आणि काही होत नाहीये. सकाळपासून पोटात काही घातलं नसशील. ऊठ, सगळे बघताहेत.”

ती उठली. उरलेला सरावही तिने केला. घरी आल्यावर ताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या, त्यांच्याजवळ येऊन बसली.

“आई, छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखं वाटतं. फक्त जोरात धावताना. थांबलं की जातं.”

ताईंनी जेवताना विषय काढला. सर हसले.

“या वयात छातीत दुखतं होय? मग तुझं-माझं काय व्हायला हवं?”

“चेष्टा नको. एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ या.”

“डॉक्टर काय म्हणणार, मी आत्ताच सांगतो. विश्रांती घ्या. त्याचं काय जातंय? निवड चाचणी तोंडावर आलीय.”

काही दिवसांनी ती पुन्हा पडली. या वेळी सरांनी पाणीसुद्धा मारलं नाही. इतर मुलांसमोर ते म्हणाले, “नाटकं बंद कर. चाचणी जवळ आली की हिला बरोबर चक्कर येते.” मुलं हसली. भिंगरीने घरी येऊन ते सगळं आईला सांगितलं. ताईंनी परस्पर डॉक्टरांची वेळ घेतली. सरांना कळल्यावर त्यांनी दवाखान्यात फोन करून ती रद्द केली.

“चाचणीनंतर ने. मी अडवणार नाही, शब्द देतो.”

ताईंनी ऐकलं. शेवटी तो त्यांचा प्रांत होता. धावणाऱ्या मुलांच्या शरीराचं आपल्याला काय कळतं, असंही त्यांना वाटलं.

चाचणीच्या दिवशी ताई आणि धाकटी प्रेक्षकांत बसल्या होत्या. भिंगरी पहिली होती, चांगल्या अंतराने. वळण संपवून सरळ पट्ट्यात येताच तिने एक हात छातीशी नेला आणि बुटाची नाडी सुटली असावी तशी ती खाली वाकली. मग आडवी झाली. बाकीच्या मुली तिला वळसा घालून पुढे गेल्या. कडेला उभ्या असलेल्या सरांचा आवाज सगळ्या मैदानाने ऐकला.

“ऊठ! ऊठ म्हणतो ना!”

ती उठली नाही. मैदानावरच्या डॉक्टरांनी छाती दाबून पाहिली, रुग्णवाहिका आली, रुग्णालयात आणखी बरीच धावपळ झाली. पण जे व्हायचं ते त्या पट्ट्यावरच होऊन गेलं होतं.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. अहवाल आल्यावर त्यांनी आईवडिलांना आपल्या छोट्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि स्वतःची मूठ वळून समोर धरली.

“हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवतं, पण आतून वाहणारं रक्त त्याला स्वतःला वापरता येत नाही. त्याच्यासाठी दोन वेगळ्या धमन्या असतात. हृदयातून जी मुख्य धमनी निघते, तिच्या अगदी बुंध्याशीच या दोन फांद्या फुटतात. एक उजवीकडून, एक डावीकडून. मग त्या अशा हृदयावरून पसरतात.” त्यांनी मुठीवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवली. “तुमच्या मुलीची डावी धमनी डावीकडून निघालेलीच नव्हती. ती उजव्या बाजूने निघून दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून डावीकडे गेली होती. बसलेल्या, चालणाऱ्या माणसाला त्याचा त्रास होत नाही. पण जोरात धावताना त्या मोठ्या वाहिन्या फुगतात, मधल्या धमनीची वाट आवळली जाते, आणि हृदयाला सगळ्यात जास्त रक्त हवं असतं नेमकं तेव्हाच ते मिळत नाही.”

मग सरांनी विचारलं, “म्हणजे हे जन्मतःच होतं?”

“हो. जन्मतःच.”

ताई नवऱ्याकडेच बघत होत्या. त्यांना स्पष्ट दिसलं. सरांचे खांदे खाली आले, श्वास सुटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल पडला. त्या घटकेला ताईंच्या मनात नवऱ्याविषयी जे आंबलं, ते मग कधीच निवळलं नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सर ते समजावून सांगू लागले. आधी मूठ वळून, मग कागदावर काढून. हळूहळू त्यांनी वाचन वाढवलं, आकृत्या मिळवल्या. डावी धमनी पुढे कुठे दुभंगते, तिची कुठली शाखा हृदयाच्या पुढच्या भागावरून टोकाकडे उतरते, कुठली मागे वळते, हे ते न अडखळता सांगत. ऐकणारे मान हलवत. “कुणाच्या हातात होतं हो,” असं म्हणून उठत. सर म्हणत, “काही म्हणजे काही लक्षण नव्हतं.” ताई चहाचे कप उचलून आत जात.

धाकटीची तपासणी करायची असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ती खेळणारी नव्हती, पुस्तकात डोकं खुपसून बसणारी होती, तरी तिघं मिळून हृदयरोगतज्ज्ञाकडे गेले. त्याने पडद्यावर दोन्ही धमन्यांची मुखं दाखवली. जागच्या जागी होती. धाकटी रडायला लागली. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तज्ज्ञाला विचारलं, “थोरलीचं असं दिसलं असतं का?”

“बहुतेक दिसलं असतं. धावताना शुद्ध हरपते म्हटल्यावर आम्ही मुद्दाम तेच शोधतो. आणखी एखादी तपासणी लागली असती. सापडल्यावर शस्त्रक्रिया करता येते. तिला कधी चक्कर यायची का?”

“जर-तरला आता काय अर्थ आहे?” सर उठत म्हणाले. “चला, बाहेर माणसं थांबलीत.”

रस्त्यावर आल्यावर ताईंनी विचारलं, “ऐकलंत ना?”

“बहुतेक म्हणाले ते. बहुतेक.”

पुढे शाळा-महाविद्यालयांतून सरांना बोलावणी येऊ लागली. मुलगी गमावलेला बाप, त्यातून प्रशिक्षक, आणि बोलणं असं की समोरचा खिळून राहावा. एका शाळेने ताईंना आणि धाकटीलाही आग्रहाने बोलावलं. सभागृह पालकांनी भरलं होतं. पडद्यावर हृदयाचं मोठं चित्र, त्यावर लाल रंगात धमन्या. सर छडीने दाखवत होते. भिंगरीचा हसरा फोटो आला तेव्हा बायकांनी डोळे पुसले.

“काहीही लक्षण नव्हतं,” सर म्हणाले. “धडधाकट मुलगी. नियतीने आतमध्ये आधीच डाव मांडून ठेवला होता.”

शेवटी प्रश्नांची वेळ झाली. मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या.

“माझा मुलगा फुटबॉल खेळतो. मागच्या महिन्यात खेळतानाच पडला. मिनिटभर बोलतच नव्हता. नंतर एकदम बरा. हे काही तसलं नसेल ना?”

सर हसले. घरी जेवताना हसले होते तसेच.

“घाबरून जाऊ नका. चक्कर यायला शंभर कारणं असतात. ऊन असतं, मुलं उपाशी येतात. आमच्या मुलीला तर कधी काहीच झालं नव्हतं.”

आपण उभं राहायचं ठरवलं कधी, ते ताईंना नंतरही सांगता आलं नाही. धाकटीने त्यांचा हात घट्ट धरला. खाली ओढायला की आधार द्यायला, कुणास ठाऊक.

“खोटं आहे ते,” ताई म्हणाल्या. आवाज फार मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “ती दोनदा पडली होती. धावतानाच. छातीत दुखतं म्हणून सांगत होती. आम्ही डॉक्टरांकडे नेलं नाही. बाई, तुम्ही उद्याच्या उद्या मुलाला घेऊन जा. धावताना पडला, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.”

सरांच्या हातातली छडी तशीच पडद्यावर टेकलेली राहिली. मुख्याध्यापकांनी घाईघाईने आभार मानले.

घरी येऊन दार लागल्यावर सर म्हणाले, “झालं समाधान? चारचौघांत माझे धिंडवडे काढून?”

“ती बाई उद्या मुलाला पुन्हा मैदानावर पाठवणार होती.”

“मी मारलं तिला, असंच म्हणायचंय ना तुला?”

“नाही. धमनी तिच्या जन्माची होती. ‘नाटकं बंद कर’ हे तुमचं होतं.”

सर पांढरेफटक पडले. मग त्यांना सापडायचं ते सापडलं.

“आणि तू? तू आई होतीस ना? तू का नाही नेलंस? मी काय तुझे हात बांधून ठेवले होते?”

ताईंनी खांद्यावरची पर्स काढून टेबलावर ठेवली.

“नाही नेलं,” त्या म्हणाल्या. “मी ते तोंडाने कबूल तरी करते.”

फुटबॉल खेळणाऱ्या मुलाची आई पुढच्याच आठवड्यात दुकानात आली. मुलाच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ होत्या. तो न्याहारी टाकून खेळायला पळायचा, एवढंच निघालं. “जीव नुसता टांगणीला लागला होता आमचा,” ती फणकाऱ्याने म्हणाली. “लोकांना घाबरवण्याआधी विचार करत जा.” नणंदेने फोनवर ऐकवलं ते वेगळंच. दुःखात बायको नवऱ्याला सावरते, ही त्यालाच उघड्यावर पाडते. सरांची बोलावणी काही काळ थांबली. त्यांच्याविषयी हळहळणारेच अधिक होते. बाईचं डोकं दुःखाने फिरलं, असं ठरून गेलं.

मग बोलावणी पुन्हा सुरू झाली. ताई आता जात नसत. सर घरात नीट वागत, लागेल तेवढंच बोलत.

एका दुपारी दुकानात एक शिक्षक नवा चष्मा घ्यायला आले. ताईंनी चौकट त्यांच्या नाकावर बसवली तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही सरांच्या पत्नी ना? आमच्याकडे येऊन गेले. काय बोलतात! धावताना मूल पडलं, छातीत दुखतं म्हणालं, तर त्याच दिवशी डॉक्टर, असं त्यांनी आम्हाला ठणकावून सांगितलं. आम्ही शाळेत नियमच करून टाकला. आणि नवल बघा, आमच्याच एका मुलीचं सापडलं! धमनी चुकीच्या बाजूने निघालेली. शस्त्रक्रिया झाली, आता छान आहे. तिचे वडील सरांच्या गळ्यात पडून रडले हो.”

ताईंचे हात थांबले. “हे पडण्याबिडण्याचं सरांना कुठून कळलं, ते सांगितलं त्यांनी?”

“अभ्यास! मुलगी गेल्यावर स्वतः अभ्यास केला म्हणाले. दुसरा कुणी असता तर खचला असता.”

“हो,” ताई म्हणाल्या आणि काडी जरा वाकवून दिली.

संध्याकाळी सर पाकिटातली कागदपत्रं टेबलावर लावत बसले होते. ताई समोर उभ्या राहिल्या.

“एका मुलीचं सापडलं म्हणे.”

सरांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यात काहीही खोटं नव्हतं. “हो. बरी आहे. अगदी आपल्या भिंगरीएवढी आहे गं.”

ताई थांबल्या. आता तरी ते बोलतील असं त्यांना वाटलं. एक वाक्य पुरलं असतं. सरांनी चष्म्यावरून बोट फिरवलं, कागद सारखे केले.

“उद्या आणखी एका शाळेत आहे,” ते म्हणाले. “येतेस?”

“नाही.”

“एक पोरगी वाचली. तुला आनंद नाही झाला?”

झाला होता. दुकानातून घरी येईपर्यंत ताई त्या अनोळखी मुलीचाच विचार करत होत्या, ती आता जिना चढत असेल, हसत असेल. पण त्या आनंदात या माणसाला वाटेकरी करून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. धाकटीच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं, आणि त्या दिवसापासून आपलं अंथरूण तिथेच घालायला सुरुवात केली.